बोल्ट जड का उठतोय: माउझर ९८ च्या अ‍ॅक्शनच्या नोंदी

२ नोव्हेंबर

वडिलांकडून आलेली रायफल, माउझर ९८ ची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर, त्यावर नंतर कधीतरी बसवलेली .३०८ या काडतुसाची बॅरल आणि वर दुर्बीण. आज रेंजवर दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही डोक्यात बसल्यात. पहिली, सकाळच्या थंडीत २० पैकी २ काडतुसं उडालीच नाहीत, चाप ओढला, टक्‌ आवाज आला आणि पुढे काही नाही. नियमाप्रमाणे बॅरल समोर धरून थांबलो, मग बोल्ट उघडून बघितलं तर प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या तळाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, अगदी उथळ खड्डा. दुसरी गोष्ट तर किती दिवस चालू आहे, बोल्ट उचलताना सुरुवातीलाच अडतो, तळहाताने वर ढकलावा लागतो, आणि बंद करतानासुद्धा शेवटच्या टप्प्यात हँडल खाली जायला कुरकुरतं.

रेंजवरच एक जण म्हणाला की लगला, म्हणजे बोल्टच्या कानांना, धातू घासणारी लॅपिंग पेस्ट लाव, शंभर वेळा उघडझाप कर, मऊ होईल. हे मी करणार नाही. कारण नीट माहीत नसताना धातू घासायचा नाही हे पहिल्या दिवशीच इथे लिहून ठेवतोय म्हणजे मधेच मोह झाला तर वाचता येईल.

३ नोव्हेंबर

कामाला बसायच्या आधी मॅगझिन रिकामं, चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) डोळ्याने बघितला आणि करंगळी घालूनही तपासला, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलपात. ज्या टेबलावर रायफल उघडी आहे त्या टेबलावर जिवंत काडतूस येणार नाही, डमी राउंड (दारू नसलेलं नकली काडतूस) सोडून.

आज काहीच उघडलं नाही, फक्त बोल्ट सावकाश फिरवत बसलो. हे काम दिसायला फालतू वाटतं पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. हँडल उचलताना एकाच हालचालीत तीन कामं होतात. एक म्हणजे पुढचे दोन लग, म्हणजे बोल्टचे ते दोन कान, रिसीव्हरमधल्या आपल्या जागेतून सुटून आडवे होतात. दुसरं, बोल्टच्या मागच्या कडेला जो तिरका उतार आहे, कॉकिंग कॅम, तो कॉकिंग पीसला, म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या शेपटीला, मागे ढकलतो आणि पिनची स्प्रिंग दाबली जाते. आणि तिसरं, हँडल जवळजवळ पूर्ण वर आलं की त्याचं मूळ रिसीव्हरच्या मागच्या तिरप्या भागावर घासत जातं आणि अख्खा बोल्ट किंचित मागे सरकतो. हा किंचित मागे सरकणारा भाग म्हणजे प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन, चेंबरच्या भिंतीला घट्ट बसलेली पुंगळी पहिल्यांदा हलते ती इथे. हाताने सरळ मागे ओढून जी पुंगळी हलणार नाही ती या कॅमच्या जोरावर आरामात सुटते, कारण इथे हँडल तरफेसारखं काम करतं.

ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलमध्ये गणित वेगळं आहे. तिथे स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, उघडताना नाही, आणि हँडल ९० ऐवजी साधारण ६० अंशच उचलावं लागतं, म्हणून ती इतकी भरभर चालते. पण तिचे लग बोल्टच्या मागच्या भागात आहेत, माउझरचे अगदी तोंडाशी. गोळी सुटताना केसच्या (पुंगळीच्या) तळावर जो धक्का येतो तो माउझरमध्ये लगच लगेच पेलतात, ली-एनफिल्डमध्ये बोल्टची बरीचशी लांबी आणि रिसीव्हरच्या भिंती त्या ताणाखाली थोड्या लवचिक होतात. दोन्ही आपापल्या कामाला चांगल्या. मला मात्र पुढचे लग बघितले की बरं वाटतं.

आता नेमकी चाचणी. उघडताना स्प्रिंग दाबायचं काम असतं म्हणून जड लागतं असं धरलं तर बोल्ट आधीच कॉक झालेला असताना उचलला तर तो हलका लागायला हवा, स्प्रिंग तर दाबलेलीच आहे. करून बघितलं. चाप ओढलेल्या स्थितीतून उचलला तर जड. कॉक केलेला, बंद केला, पुन्हा उचलला, तर थोडा हलका पण सुरुवातीची ती अडखळ जशीच्या तशी. म्हणजे स्प्रिंग आणि कॅम याशिवाय तिसरंच काहीतरी कुठेतरी घासतंय.

५ नोव्हेंबर

रात्री बोल्ट खोलला. मूळची उभी सेफ्टी दुर्बिणीखाली फिरत नाही म्हणून आधीच्या कोणीतरी बाजूला फिरणारी तीन टप्प्यांची सेफ्टी बसवलेली आहे. बोल्ट कॉक करून सेफ्टी मधल्या टप्प्यावर, डाव्या बाजूचा बोल्ट स्टॉप बाहेर ओढला, बोल्ट हातात. मग श्राउडच्या, म्हणजे बोल्टच्या मागच्या टोपणाच्या, डाव्या बाजूची छोटी पिन आत दाबून श्राउड आट्यांवरून फिरवत काढला की पिन, स्प्रिंग सगळं एकत्र मागून निघतं. पिनचं टोक जाड लाकडी फळीतल्या भोकात टेकवून श्राउड खाली दाबला, कॉकिंग पीस पाव फेरा फिरवला, सुटला. इथे चष्मा लावलेलाच हवा आणि दोन्ही हात घट्ट, ही स्प्रिंग भलती जोरकस आहे.

आणि आत जे होतं ते बघून पहिल्या तक्रारीचं उत्तर मिळालं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये तपकिरी, चिकट, जवळजवळ मधासारखा थर. कुणीतरी वर्षांपूर्वी बोल्टच्या आत जाड ग्रीस भरलं होतं, ते वाळत वाळत लाखेसारखं झालं होतं. नखाने ओढलं तर पापुद्रा निघत होता. अशा चिकट्यातून पिन पुढे जाताना तिचा वेग कमी होणारच, आणि थंडीत हा चिकटा आणखी घट्ट होतो. म्हणजे सकाळी उडाली नाहीत आणि ऊन वर आल्यावर सगळी उडाली याचं कारण हेच.

बोल्टच्या खालच्या बाजूला दोन लांबट भोकं असतात, तीसुद्धा याच मळाने पूर्ण बुजलेली. या भोकांबद्दल मी जास्त लिहिणार कारण ती बुजलेली बघून खरंच अंगावर काटा आला. प्रायमर फुटला किंवा केस फाटली तर जोरात मागे येणारा गॅस पिनच्या भोकातून बोल्टच्या आत शिरतो. ही दोन भोकं त्याला वाट देतात, गॅस डाव्या बाजूच्या खोबणीत वळतो, आणि श्राउडला पुढे जी रुंद कड आहे ती त्या खोबणीतून मागे येणारा गॅस बाजूला फेकते, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ देत नाही. १८९८ च्या डिझाइनमध्ये पॉल माउझरने ज्या गोष्टी घातल्या त्यात मागचा तिसरा लगही आहे, तो नेहमी टेकत नाही, पुढचे दोन हरले तरच कामाला येतो. शिवाय फायरिंग पिनला दोन छोटे खांदे आहेत आणि बोल्टच्या आत त्यांच्यासाठी आडकाठी, त्यामुळे बोल्ट पूर्ण फिरून बंद झाल्याशिवाय पिन तोंडातून बाहेरच येऊ शकत नाही. हे सगळं नेमबाजाला वाचवायला केलेलं आणि आपण ती भोकं ग्रीसने लिंपून ठेवायची हे मला पटूच शकत नाही.

मिनरल स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून ठेवलं.

६ नोव्हेंबर

सकाळी सगळं नायलॉनच्या ब्रशने साफ, पाइप साफ करायच्या कुंच्याने बोल्टची आतली नळी, भोकं दातकोरणीने. स्प्रिंग पुसल्यावर दोन वेटोळ्यांवर हलका गंज, पण खोल खड्डा कुठे नाही. पिनचं टोक भिंगाखाली बघितलं, गोलाकार, स्वच्छ, चरे नाहीत. टोक खडबडीत झालेलं असेल तर प्रायमरला भोक पडू शकतं म्हणून हे बघणं आवश्यकच. पिन बोल्टच्या तोंडाबाहेर किती येते ते मोजलं, ५८ हजारांश इंच भरलं, माउझरला साधारण ५५ ते ६५ धरतात, म्हणजे ठीक.

नवी स्प्रिंग मागवायचा विचार आला होता पण थांबवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सफाई आणि स्प्रिंग दोन्ही एकदम केलं तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

बोल्टच्या आत तेलाचं बोट फिरवून परत पूर्ण पुसून घेतलं, गंज लागणार नाही इतकाच ओलावा. आत जवळजवळ कोरडंच ठेवायचं.

९ नोव्हेंबर

आता अडखळ. रिकामा बोल्ट, पिन नाही, स्प्रिंग नाही, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढणारा लांब पंजा, तोही काढलेला. एक्स्ट्रॅक्टर काढायची पद्धत अशी की तो खालच्या बाजूला फिरवून त्याचा ओठ पुढच्या खोबणीतून सुटा करायचा आणि मग पुढे सरकवायचा, वर उचकटायचा नाही, उचकटला की वाकतो. असा नुसता बोल्ट रिसीव्हरमध्ये घातला तर हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं. माझं पडत नाही. साधारण तीन चतुर्थांश खाली येतं आणि थांबतं, बोटाने ढकललं की बारीक खर्र असा आवाज करत बंद होतं.

म्हणजे कॅम नाही, स्प्रिंग नाही, सिअर (पिनला अडवून धरणारा आणि चाप ओढला की सोडणारा तुकडा) नाही. नुसत्या बोल्टलाच काहीतरी आडवं येतंय.

लगच्या मागच्या बाजूंना काळा मार्कर लावून, बोल्ट परत जोडून, कॉक करून वीस वेळा बंद-उघड केलं. कॉक झालेली स्प्रिंग बोल्टला मागे रेटते म्हणून लग आपल्या जागेवर नीट टेकतात, हा तपास पूर्ण जोडूनच करावा लागतो. खालच्या लगवरचा काळा रंग दोन तृतीयांश गेला, वरच्यावरचा जेमतेम निम्मा. वरचा कमी टेकणं यात घाबरण्यासारखं काही नाही, सिअर कॉकिंग पीसला वर रेटतं, बोल्टची शेपटी किंचित उचलली जाते आणि वरचा लग हलका टेकतो. इथेच लोक लॅपिंग पेस्ट काढतात. पण जुन्या ९८ चं पोलाद आतून मऊ आणि वरून कडक केलेलं असतं, पृष्ठभागाचा पातळ कडक थर. लगच्या बैठकीवरचा तो थर घासून काढला की खाली मऊ धातू उघडा पडतो, मग प्रत्येक गोळीला लग त्या मऊ धातूत थोडा थोडा रुतत जातो आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर, वाढत जाते.

त्या लगवर किती भार येतो याचा हिशेब करून बघितला. .३०८ ला कमाल दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), केसच्या तळाचा व्यास ०.४७३ इंच. पूर्ण व्यास धरला तर जवळपास ५ टन. प्रत्यक्षात दाब लागतो ते आतलं क्षेत्रफळ कमी असतं आणि केस फुगून चेंबरच्या भिंतीला धरते म्हणून लगवर येतो त्याहून कमी, तरी आकडा वाचून लगकडे बघायची नजर बदलते. चेंबरमध्ये तेल का ठेवायचं नाही तेही यातच आलं, भिंत तेलकट असली की केसची पकड सुटते आणि तो वाटाही बोल्टवर येतो.

१० नोव्हेंबर

सापडलं!

काल मार्कर फक्त लगच्या मागच्या बाजूला लावला होता. आज लगच्या बाहेरच्या गोलाईलाही लावला आणि नुसता बोल्ट पाच वेळा फिरवला. बाहेर काढून खिडकीशी धरला तर डाव्या लगच्या, म्हणजे ज्याला पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरसाठी चीर असते त्याच्या, पाठीवर एक चकचकीत रेघ. केसाएवढी बारीक, गोलाईच्या दिशेने, अर्ध्यात सुरू होऊन शेवटपर्यंत गेलेली. नख फिरवलं तर हलकी लागते, म्हणजे आजची नाही, वर्षानुवर्षं उमटत आलेली. खालच्या लगवर तसं काही नाही.

बोल्ट बंद होताना हा डावा लग फिरून वर येतो. आणि वर, रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर काय आहे, तर दुर्बिणीच्या बेसचे स्क्रू! मागच्या भोकातला स्क्रू नेमका लगच्या पोकळीवर येतो. टॉर्च मागून मारून आत बघितलं तर छतात स्क्रूचं टोक, अगदी जरासं, आत डोकावतंय.

तो एक स्क्रू सोडवला, बाकी काही केलं नाही. बोल्ट घातला. हँडल ठप्पकन खाली पडलं.

दोन मिनिटं नुसता बोल्ट वर-खाली पडू देत बसलो होतो, आनंदच इतका झाला. जर त्या दिवशी ऐकून पेस्ट लावली असती तर लगच्या बैठका घासून ठेवल्या असत्या आणि खरा दोषी वर तसाच राहिला असता.

११ नोव्हेंबर

स्क्रू आखूड केला. हे स्क्रू ६-४८ चे, म्हणजे इंचाला ४८ आटे, एक आटा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. मला एकच आटा कमी करायचा होता. त्याच मापाचे आटे पाडलेल्या पोलादी पट्टीत स्क्रू घट्ट बसवला, जेवढा बाहेर आला तेवढा बारीक कानशीने सपाट केला, कडा तिरकी मारली, आणि मग पट्टीतूनच उलटा फिरवून काढला म्हणजे शेवटचा आटा आपोआप साफ होतो. नुसता पकडीत धरून कानस मारली तर आटे चेपतात आणि मग रिसीव्हरचे आटे खराब होतात, ते नुकसान स्क्रूच्या किमतीचं नसतं.

भोकातलं आणि स्क्रूवरचं तेल स्पिरिटने काढून आटे धरून ठेवणारं हलकं थ्रेडलॉकर लावलं, बसवला, बोल्ट पुन्हा टाकला, हँडल पडलं. बाकीचे तीन स्क्रूही एकेक काढून बघितले, ते बरोबर आहेत. लगवरच्या रेघेची जी उठलेली कड होती तेवढी बारीक दगडाने दोन हात मारून बसवली. लगच्या मागच्या बाजूला हातही लावला नाही.

१६ नोव्हेंबर

बॅरल नंतर कुणीतरी बसवलेली आहे आणि त्याचे कागद नाहीत, म्हणून हेडस्पेस तपासल्याशिवाय मला चैन नव्हतं. ओळखीच्या गनस्मिथकडून गेज (माप तपासायचे ठोकळे; गो वर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर नाही) आणले आणि त्यांच्यासमोरच तपासलं. .३०८ चा गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. मधलं अंतर ४ हजारांश, मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्याशा फटीवर सगळं अवलंबून.

बोल्ट पूर्ण मोकळा, पिन आणि एक्स्ट्रॅक्टर काढलेले, चेंबर आणि बोल्टचं तोंड कापडाने पुसलेलं, कारण कचऱ्याचा एक कणही खोटं उत्तर देतो. हँडल दोन बोटांनी, अजिबात जोर नाही. गो वर आपसूक बंद. नो-गो वर हँडल अर्ध्याच्या थोडं खाली आलं आणि थांबलं. बास. नो-गो वर बंद झालं असतं तर रायफल तिथेच त्यांच्याकडे ठेवून आलो असतो. चाप आणि सिअरलाही मी हात लावत नाही, ते त्यांनीच बघून ठीक आहे म्हणून सांगितलं.

१८ नोव्हेंबर

जोडणी आणि वंगण. लगच्या मागच्या बाजूला मोहरीएवढं ग्रीस, दोन्हीकडे. कॉकिंग कॅमवर आणि कॉकिंग पीसच्या नाकावर तसंच. हँडलच्या मुळाशी जिथे प्रायमरी एक्स्ट्रॅक्शनचा उतार घासतो तिथे थोडं. एक्स्ट्रॅक्टरच्या कॉलरखाली, म्हणजे त्याला बोल्टवर धरून ठेवणाऱ्या कड्याखाली, तेलाचा एक थेंब, कारण बोल्ट फिरतो पण तो लांब पंजा फिरत नाही, बोल्ट कॉलरच्या आत फिरत राहतो आणि ती कोरडी असली तर बोल्टही जड होतो. बोल्टच्या अंगावर तेलाचं नुसतं बोट. बोल्टच्या आत आणि चेंबरमध्ये काही नाही.

चेंबरच्या मानेशी कार्बनचं कडं होतं, चेंबरच्या ब्रशने दोन वेळा सॉल्व्हंट लावून काढलं, मग कोरडा पॅच. बॅरलची सफाई मागून, गाइड लावून, नेहमीप्रमाणे.

डमी राउंड मॅगझिनमधून चालवून बघितले. हे बघायला मला फार आवडतं. बोल्ट पुढे जाताना काडतूस मॅगझिनच्या ओठांतून सुटतं आणि त्याची कड खालून सरकत पंजाच्या आत शिरते, चेंबरमध्ये पूर्ण जायच्या आधीच बोल्टने त्याला धरलेलं असतं. मधेच बोल्ट मागे घेतला तरी ते बरोबर परत येतं, त्यामुळे एक काडतूस आत राहून दुसरं त्याच्यावर धडकत नाही. १९६२ पासूनची रेमिंग्टन ७०० यात उलटी, ती काडतूस नुसतं ढकलते आणि शेवटी बंद होताना पकडते. म्हणूनच ९८ मध्ये काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वर बोल्ट आपटायचा नाही, पंजाला कडेवरून उडी मारायला लागते आणि टोक तुटू शकतं. एकच भरायचं असलं तरी मॅगझिनमधूनच.

२३ नोव्हेंबर

रेंज. मुद्दाम पहाटे गेलो, त्या दिवसापेक्षा थंडी जास्तच. ४० गोळ्या, ४० उडाल्या. पुंगळ्या गोळा करून प्रायमर एकेक बघितले, खड्डे खोल, गोल, मध्यभागी. स्प्रिंग बदलायची गरज नव्हती हे आता खात्रीने लिहू शकतो.

बोल्ट बट खांद्यावरून न काढता उचलता येतो. गोळी झाडल्यावर उचलताना स्प्रिंग दाबायचा भार आहेच, तो राहणारच, पण आता तो एकसारखा आहे, गुळगुळीत वर जातो आणि शेवटी पुंगळी सुटल्याची छोटीशी जाणीव हाताला होते. आधी त्या अडखळीत ही जाणीव दबून जायची.

बेसचा स्क्रू काढून लावल्यामुळे नेम सरकला होता, १०० मीटरवर पहिल्या पाच गोळ्या डावीकडे आणि जरा खाली. क्लिक मारून आणला. ग्रुपही (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आधीपेक्षा लहान वाटला पण एका दिवसाच्या गोळ्यांवरून ते म्हणणार नाही.

२४ नोव्हेंबर

गोळीबारानंतर बोल्ट काढून पुसला. लगवरची ती जुनी रेघ तशीच आहे, पण तिच्यावर लावलेला मार्कर ४० गोळ्यांनंतरही शाबूत.

एक राहिलंय. इजेक्टर, जो बोल्ट स्टॉपच्या डब्यात असतो आणि डाव्या लगच्या चिरेतून पुढे येतो, त्याची पट्टी जरा ढिली वाटते. बोल्ट झटक्यात मागे घेतला तर पुंगळी लांब पडते, सावकाश घेतला तर दोनदा तिथेच आत पडून राहिली. ९८ मध्ये पुंगळी किती लांब जाणार हे बोल्ट किती जोरात ओढता यावरही असतं, म्हणून आधी पुढच्या वेळी एकाच वेगाने दहा पुंगळ्या काढून मोजणार, मग पट्टी बदलायची का ते ठरवू.